पडदा कुणी ओढला?

“नीला, खिडकीचा पडदा अर्धाच का उघडलायस?” टेबलाशी नाश्ता करता करता त्र्यंबक म्हणाला.

“पडदा? तो धुवायला टाकलाय. काल तुम्हीच काढून दिलात!”

त्र्यंबकचा घास तोंडातच राहिला. गेले काही दिवस त्याच्या डाव्या डोळ्यासमोर काजवे चमकत होते, काळे ठिपके तरंगत होते. नसलेली माशी मारताना त्याने लोणच्याची बरणीही फोडली होती. काचबिंदूचे थेंब देतानाच डॉक्टरांनी दोघांना बजावलं होतं, “तुमचा मायनस नंबर मोठा आहे. या थेंबांनी क्वचित डोळ्यातला पडदा सुटतो. काही चमकलं, सावली आली, तर तडक या.” त्र्यंबक ते सोयीस्करपणे विसरला होता. डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद केलं तर? चौऱ्याऐंशी सालच्या अमेरिकेत, फ्रीमाँटसारख्या गावात गाडी बंद म्हणजे पायच तुटले. आणि नीलाचं ड्रायव्हिंग? परीक्षकाने दया येऊन तिला लायसन्स दिलं, हा किस्सा तो प्रत्येक पार्टीत रंगवून सांगे.

“ऑफिसातून आल्यावर जाऊ,” तो पुटपुटला.

“आत्ता. आणि मान हलवू नका.” नीलाने किल्ल्या उचलल्या.

“तू? फ्रीवेवरून?”

“मग काय, पालखी मागवू?”

फ्रीवेवर चढणाऱ्या रॅम्पवर त्र्यंबकने डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. धक्का बसला नाही, कुणी हॉर्न मारला नाही. त्याने हळूच एक डोळा उघडला. दोन ट्रकांच्या मधून गाडी अलगद डावीकडच्या लेनमध्ये शिरत होती.

डॉक्टरांनी डोळा तपासला आणि लगेच ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. “पडदा कडेने सुटलाय, मधला भाग अजून धरून आहे. उद्या आला असतात तर काही सांगता आलं नसतं.”

ऑपरेशन नीट पार पडलं. डोळ्यावर पट्टी बांधून त्र्यंबक पडला होता. त्याचा हात नीलाने घट्ट धरला होता.

“इतके दिवस बोलला का नाहीत?” डोळे पुसत तिने विचारलं.

“माझी गाडी बंद झाली असती, तर तू घरात अडकून पडली असतीस गं.”

नीलाला रडता रडता हसू फुटलं.

“अहो, तुम्ही कारपूलने ऑफिसला गेलात, की मी रोज फ्रीवेनेच सॅन होजेला कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. तुम्हाला सांगितलं असतं, तर शिकवायला शेजारी येऊन बसला असतात!”