खडखड

सयाजीची कोरी मोटारसायकल भवानी पेठेतल्या बोळात शिरली, तरी कुत्रंसुद्धा उठलं नाही. वडिलांची जुनी गाडी पार नाक्यापासून खडखडायची. ते वारल्यावरही सयाजी तीच दामटत होता. खडखड कानावर आली की आई चहा टाकायची, तोही बिनसाखरेचा. शुगर वडिलांना होती, सयाजीला नव्हती. आईच्या हाताची सवय म्हणून तो मुकाट प्यायचा. रोजच्या ढकलाढकलीला कंटाळून आज त्यानं ती एक्सचेंजला देऊन ही आणली. दारात हॉर्न वाजवला तेव्हा आई दचकून बाहेर आली. तिनं गाडीला हळदीकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू चिरडून घेतलं आणि मग चहा केला. पहिल्याच घोटाला सयाजी थबकला. “आई, आज साखर घातलीस व्हय?” आई रिकाम्या बोळाकडं बघत राहिली. “ती खडखड आली की वाटायचं, ह्येच आलं. आज तूच आलास की रं.”