पाण्याचा फोटो

“अक्का, हात खाली.”

हिलालने कॅमेरा वर केला की द्रौपदाबाईंचा हात आपोआप डोक्याकडे जाई आणि पदर कपाळावर येई. परका पुरुष रोखून पाहू लागला की पदर पुढे, हा चाळीस वर्षांचा सराव. जर्मनीच्या व्हिसाला मात्र कपाळ हवं, कान हवेत, हसू नको. धुळ्यातल्या त्या स्टुडिओत आतापर्यंत पाच फोटो वाया गेले होते.

त्यांचा मुलगा रवींद्र दारापासून पडद्यापर्यंत येरझाऱ्या घालत होता. जर्मनीतल्या प्रयोगशाळेत तो पाण्यावर एक्स-रे लेझरचे झोत मारतो आणि पाण्याचा फोटो काढतो. सकाळी तिथून पीएचडीच्या गाइडचा मेसेज आला होता: नव्या गणितानुसार झोत संपायच्या आतच पाणी विस्कटतं. तुझा लेख पाठवायचा की मागे घ्यायचा, आज कळव.

चार वर्षांत एकच लेख झाला होता. हाच.

“साहेब, बसा की. तुमच्यामुळे मलाच चक्कर यायला लागली,” हिलाल म्हणाला.

“तुमचा फ्लॅश किती वेळ पडतो?”

“सेकंदाचा हजारावा भाग. माणूस हलायच्या आत फोटो तयार.”

“आम्हीही तसंच धरून चाललो होतो.”

रवींद्रच्या झोताचा वेळ सांगायचा तर सेकंदाचे इतके बारीक तुकडे, की त्यांची शून्यं मोजायला हातांची बोटं पुरत नाहीत. एवढ्यात पाणी जाऊन जाणार कुठे? पण झोत असा जबर, की पाणी तेवढ्यातही जागचं हललं.

“म्हणजे मी काढला तो पाण्याचा फोटो नाही. मार बसलेल्या पाण्याचा आहे.”

“पण फोटो आला ना?” हिलालला अडचणच समजेना. “आमच्याकडे फोटो आला की गिऱ्हाईक घरी जातं.”

शेवटी रवींद्र खाली वाकला आणि त्याने आईचे दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. फ्लॅश पडला.

स्क्रीनवर एक बाई आली. डोळे ताठ, ओठ घट्ट. चौकीत साक्षीला बोलावल्यासारखी.

“हाई मी नही शे,” द्रौपदाबाई म्हणाल्या.

“तुम्हीच अक्का. समोर दुसरं कोण बसलं होतं?”

“मी दिनभर अशी राहस का?”

“दुसरा काढू?”

“दुसराबी असाच येई.”

रवींद्र त्या फोटोकडे पाहत राहिला. “मग काय करायचं, माय?”

“करनं काय? फोटू खरा शे, पन घाबरेल बाईना शे. मांगे तसं लिखी टाक.”

“मागे ‘घाबरलेली बाई’ वगैरे लिहिलेलं वकिलातीत चालत नाही,” हिलाल घाईने म्हणाला.

रवींद्रने फोन काढला. लेखाचं शीर्षक होतं ‘पाण्याची रचना’. त्याने त्याआधी दोन शब्द घातले, ‘मार बसलेल्या’, आणि गाइडला पाठवून दिलं. मग पहिल्यांदाच तो बाजूच्या स्टुलावर बसला.

“आठ कॉप्या काढतो,” हिलाल म्हणाला. “सगळ्या घाबरलेल्याच येतील.”