बुडबुडा नसलेला स्लॅब

तपासनिसाने न्हाणीच्या भिंतीला यंत्र लावलं आणि सिमेंटच्या बुडबुड्यांत अडकलेला भास्करचा आवाज खणखणीत बाहेर आला, "अरे, पाणी कमी घाल!" भास्करला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"झालं समाधान, वहिनी?" घर बांधणारा त्याचा धाकटा भाऊ दिगंबर खेकसला. "दादा गच्चीवरून पाय घसरून पडला. किती वेळा सांगू?"

"गच्चीचा स्लॅब टाकताना मजूर जेवायला उतरले, तेव्हा वर तुम्ही दोघंच होतात, भावजी," प्रमिला म्हणाली. "तो स्लॅबही ऐकू दे."

गच्चीवर यंत्रातून चकार शब्द निघाला नाही. "इथे एकही बुडबुडा नाही," तपासनीस म्हणाला. "ओल्या काँक्रीटमध्ये व्हायब्रेटर फिरवून फिरवून सगळी हवा काढलीय."

"काम पक्कं असतं माझं," दिगंबर गुर्मीत म्हणाला.

"न्हाणी गळते. जिना पोकळ वाजतो. अख्ख्या घरात तुम्ही व्हायब्रेटरला हात लावला नाहीत." प्रमिला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आणि माझा नवरा खाली मरून पडला होता, तेव्हा तुम्ही वर पक्कं काम करत होतात?"