मुंडीचा मान

"मुंडी दाखवा, मंगच नोंद घेते," वनरक्षक तृप्तीनं पुन्हा बजावलं. गायरानातली रानडुकरं मारायचा परवाना कल्याणरावाकडं होता, पण मारलेलं जनावर मुंडीसकट चौकीवर दाखवायचं, हा नियम तिनंच यंदा लावून धरलेला. आज त्यानं गोणीतून खूर छाटलेली, सोललेली तंगडी तेवढी आणली होती. डुकराची तंगडी इतकी बारीक नसते.

"नोंदीत डुकरं अन् मारून राह्यलात हरणं!"

खांद्यावरची बंदूक सावरत तो हसला. "मी डुक्कर म्हणून राह्यलो तर डुक्कर लिहा, मॅडम. न्हाईतर सिद्ध करा."

"मुंडी कुठं पुरली?"

"मुंडी कोन पुरतं? आपल्या गावात शिकारीच्या मुंडीचा मान पाटलांचा. सकाळीच पोच केली." तो जरा वाकला. "तुमच्या सासऱ्याकडं. तुम्हाला वाढली न्हाई का, सूनबाई?"

बोकडाचा आहे म्हणून सासऱ्यांनी आग्रहानं वाढायला लावलेला रस्सा तृप्तीनं आज दुपारीच ताट पुसून खाल्ला होता.

"लिहा मंग डुक्कर. जल्दी करा," तो म्हणाला.

तिनं पेन खाली ठेवला आणि साहेबांना फोन लावला. नजर मात्र कल्याणरावावरच ठेवली.

"साहेब, पंच घेऊन या. हरणाची मुंडी सापडली."

"कुठं?"

"माझ्या घरात."