परत आलेली टोपली

"परत पाठवा," मेसियस म्हणाला. टोपलीवरचं फडकंही त्याने उचलून पाहिलं नाही.

टोपलीत सुकी अंजिरं होती, बकरीच्या दुधाचं चीज होतं आणि पानात गुंडाळलेलं मधाचं पोळं. ती आली होती आमच्या वरच्या आळीतल्या अम्मिया नावाच्या विधवेकडून. तिचा एकुलता एक मुलगा ट्रोफिमोस तुरुंगात होता. मेंढरं राखणारा साधा माणूस. सरकारी मळ्याच्या कारभाऱ्याला त्याने विहिरीत ढकलून मारलं, असा आरोप होता. तो खरा ठरला तर येत्या उत्सवात त्याला आखाड्यात अस्वलांपुढे सोडणार होते. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायचा होता.

प्रांताचा सुभेदार वर्षातून एकदा आमच्या गावी येतो आणि चौकात खुर्ची टाकून न्याय करतो. ऑलस मेसियस यंदा रोमहून नवाच आला होता. मुक्काम नगरसभेचा प्रमुख दिओदोरोस याच्या घरी. पण स्वयंपाकी स्वतःचा, पीठ स्वतःचं, तेलसुद्धा बुधल्यात भरून बरोबर आणलेलं. पाणी तेवढं आमचं प्यायचा. याला आमची हवा तरी कशी चालते, असं बाजारात लोक एकमेकांना विचारत.

त्यालाही कारण होतं. त्याचा बाप असाच एका प्रांताचा सुभेदार होता. लाच खाऊन खाऊन खटला ओढवून घेतला आणि एका उजाड बेटावर हद्दपारीत मेला. कोवळ्या वयात मेसियसने त्याला निरोप दिला होता. प्रजेच्या घरचा घास घ्यायचा नाही, ही शपथ त्याने तेव्हाच बंदरावर घेतली. पुढे हिस्पानियात गेला, आफ्रिकेत गेला, आणि जसा गेला तसाच रिकाम्या हाताने परत आला. आता ही शेवटची नेमणूक. ही निभावली की बापाचं नाव धुऊन निघेल, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

"एक अंजीर तरी ठेवून घ्या, सरकार," दिओदोरोस म्हणाला. "आमच्याकडे कसं असतं, की—"

"तुमच्याकडे काय चालत होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे."

दिओदोरोस गप्प बसला. बसायला नको होतं. पण सुभेदाराने एकदा तोडलेलं वाक्य पुन्हा जोडायची छाती आमच्या गावात कुणाचीच नव्हती, आणि त्याची तर नव्हतीच. टोपली नोकराबरोबर परत गेली.

खरं म्हणजे मेसियसचा निकाल दुपारीच ठरला होता. दोन्ही साक्षीदारांना त्याने वेगवेगळं बोलावून विचारलं होतं. एक म्हणाला, ट्रोफिमोसने धक्का दिला तेव्हा पहाटेचं धुकं होतं. दुसरा म्हणाला, ऊन डोक्यावर आलं होतं. दोघंही पढवलेले होते, हे उघड झालं. माणूस निर्दोष होता. पण निकाल त्याच दिवशी सांगायचा नाही, एक झोप काढून मगच सांगायचा, हा मेसियसचा शिरस्ता. आणि ज्याला उद्या सोडायचं त्याच्या घरची अंजिरं आज खायची, हे तर त्याच्या हातून या जन्मात घडणार नव्हतं.

टोपली परत आली तेव्हा वरच्या आळीतल्या बाया अम्मियाच्या दारात जमल्या. एकीने तिची बकरी सोडून आपल्या गोठ्यात नेऊन बांधली. अम्मिया एकटीच डोंगराच्या वाटेने गेली आणि दिवस कलायच्या आत परतली.

मग ती तुरुंगाच्या दाराशी आली. लेकाला एकदा हाताने भरवू द्या, एवढंच तिचं मागणं होतं. पहारेकऱ्यांनी सुभेदाराला विचारायला माणूस धाडला. मेसियसला तिची दया आली. जाऊ द्या म्हणाला. वर हेही सांगून पाठवलं, की म्हातारीची टोपली उचकटू नका, आईचा अपमान करू नका. उद्या तिला किती आनंद होईल, या विचाराने तो त्या दिवशी पहिल्यांदाच हसला, असं त्याचा स्वयंपाकी नंतर सांगत होता.

सकाळी चौक भरला. मेसियस खुर्चीवर बसला आणि ट्रोफिमोसला आणायला सांगितलं. तुरुंगाधिकारी गेला तसा एकटाच परत आला. ट्रोफिमोस पहाटे मेला होता. उशाशी ती टोपली होती आणि पोळ्याचं उरलेलं मेण. मधात डोंगरातला बचनाग कुटून घातलेला होता.

अम्मियाला शोधावं लागलं नाही. ती तुरुंगाच्या पायरीवरच बसली होती, प्रेत ताब्यात मिळायची वाट पाहत. तिला खुर्चीसमोर आणलं. ती रडत नव्हती. लेकाच्या अंगाला अस्वलांचा पंजा लागू दिला नाही, याचं समाधानच तिच्या तोंडावर होतं, आणि ते पाहवत नव्हतं.

मेसियस उभा राहिला. "बाई, हे काय केलंस? मी त्याला सोडणार होतो."



"मग टोपली का ठेवून घेतली नाहीत, सरकार?" अम्मिया म्हणाली. "आधीचे सुभेदार लबाड होते. पण ज्याला मारायचं, त्याच्याच घरचं ते परत पाठवायचे."