चिमट्यातलं बेअरिंग

नगरच्या लिलावातून आणलेल्या मोटारसायकलीचा, मागचं चाक धरणारा चिमटा कचरूनं बौद्धवाड्यात, दारासमोर शेगडीवर तापवला. रंग द्यायचा, नवं बेअरिंग बसवायचं, तर गंजलेलं आधी निघायला हवं.

ठाण!

"निळा मारनार म्हनं?" पाटलांचा सहादेव रस्त्यावरूनच म्हणाला. "मार. पर येशीतून उतरून, ढकलत न्यायची. ठावं हाय ना?"

ठाण!

"अरं, ढकलायलाच हाय तर जुनं बेअरिंग काय वाईट? कशाला घाम गाळतो?"

ठाण!

बेअरिंग निखळून मातीत पडलं. कचरूनं हातोडा खाली ठेवला.

"मागं बायको बसनार हाय, पाटील. येशीतल्या दगडांवरनं जाताना तिला दनका बसाय नको."