संसदेची प्रेतयात्रा

"अहो मालक, खोट्या मढ्याला एवढं वजन?" शवपेटी ट्रकवर चढवताना आ-हाय नावाचा ढोलवाला कण्हला.

"संसदेची पेटी आहे ती. पाप काय हलकं असतं?" योंगफा म्हणाला आणि सुपारीची लाल पिंक त्याने रस्त्याकडेला टाकली.

सगळे हसले. लीश्या तेवढी हसली नाही. ती पेटीच्या पायथ्याशी मेलेल्यासाठी ठेवतात तो भाताचा वाडगा नीट बसवत होती. वर बदकाचं उकडलेलं अंडं, भातात उभ्या खोचलेल्या जेवणाच्या काड्या. मोर्च्यातल्या नाटकासाठी एवढं कोण करतं? पण बाई कामाला चोख.

"रिकामी पेटी उचलू नये, तुम्हीच म्हणालात ना दादा," ती म्हणाली. "म्हणून भरली."

ते खरंच होतं. रिकामी पेटी हलवली की ती कुणाला तरी मागते, हे तैपेईत अंत्ययात्रांच्या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. आजारी मुलांच्या आयांनी गोळा केलेले सह्यांचे गठ्ठे लीश्याच्याच घरी पडून होते. तेच आत भरायचं ठरलं होतं, म्हणून योंगफाने पेटी आधीच तिच्या घरी पोचवली होती. कागद काही हलका नसतो.

"खिळे कुणी ठोकले?"

"मीच. वाऱ्याने झाकण उडालं तर टीव्हीवर हसं व्हायचं."

पैसे घेऊन रडणाऱ्या बायका योंगफाने खूप पाहिल्या होत्या. पण लीश्याने टाहो फोडला की मेलेल्याच्या वैऱ्यालाही हुंदका येई. तिच्या स्वतःच्या घरात दुखणं होतं. तिच्या मुलीला, पेइरोंगला, स्नायू झिजत जाण्याचा रोग होता. औषध सरकारी खर्चाने मिळणार होतं. त्याची तरतूद अंदाजपत्रकात होती आणि अंदाजपत्रक संसदेत अडकलं होतं. नव्या वर्षापासून सभागृहाच्या दारांना आतून साखळ्या होत्या. दोन्ही पक्षांचे लोक आळीपाळीने व्यासपीठावर झोपत आणि आळीपाळीने एकमेकांवर पाण्याच्या पिशव्या फेकत. दर सोमवारी बाहेर येऊन सांगत, पुढच्या आठवड्यात नक्की. योंगफाला या लोकांची शिसारी आली होती. त्यांची प्रेतयात्रा काढायची म्हटल्यावर तो एका पायावर तयार झाला.

"पोर कशी आहे गं?" त्याने विचारलं.

"काल रात्री फार धाप लागली होती. आता शांत आहे."

"घरी एकटीलाच ठेवून आलीस?"

"एकटीला नाही ठेवली, दादा."

योंगफाने बरं म्हटलं आणि दुखरा गुडघा चोळायला हातातली बांबूची काठी पेटीला टेकवली. लीश्याने ती झटक्यात उचलून त्याच्या हातात दिली.

"काठी नका लावू."

योंगफाने जीभ चावली. सगळं आयुष्य या धंद्यात घालवून ही चूक! पेटीला काठी लागते ती एकाच प्रसंगी, लेकरू आईबापांच्या आधी गेलं तर. मग आई किंवा बाप पेटीवर तीन फटके मारतो, आम्हाला पोचवायचं सोडून तूच कसा निघालास म्हणून रागावतो आणि तिथूनच घरी परततो. पुढे स्मशानात जात नाही. त्या वेळी सनईसुद्धा वाजत नाही. तो रिवाज बघावा लागला की योंगफाला दिवसभर घास जात नसे.

संसदेच्या फाटकापाशी ही गर्दी. टॅक्सीवाले, मास्तरणी, चाकाच्या खुर्च्यांतली मुलं आणि त्यांच्या आया. ट्रकवरून उतरवून बाकड्यावर ठेवलेल्या पेटीपुढे काळी फीत लावलेला संसदेच्या इमारतीचा फोटो.

"मेली कधी हो?" एका टॅक्सीवाल्याने विचारलं. "वास तर केव्हाचा येतोय!"

"हळू बोला, वारस आत भांडतायत!" दुसरा ओरडला.

योंगफाने सनई फुंकली. लीश्याने सुतकाचं गोणपाटाचं टोपरं डोक्यावर ओढलं, माईक हातात घेतला. लोक वाट बघत राहिले. आज बाईचा आवाजच फुटेना. पेटीच्या झाकणावर तळवा ठेवून ती नुसती उभी राहिली.

"रड की ताई! त्यांना आत ऐकू जाऊ दे!"

तेवढ्यात फाटक उघडलं आणि कॅमेऱ्यांच्या घोळक्यात खासदार ल्याओ साहेब बाहेर आले. हातात उदबत्त्या, चेहऱ्यावर निवडणुकीतलं हसू.

"ताई, आम्ही तुमचेच आहोत," ते म्हणाले. "अडवतायत ते पलीकडचे. पुढच्या आठवड्यात नक्की मार्ग निघेल."

"पुढच्या आठवड्यात?"

"शब्द देतो तुम्हाला." साहेबांनी पेटीवर थाप मारली. "भलतीच भक्कम बनवलीत हो!"

लीश्याने माईक खाली ठेवला आणि ती योंगफाकडे आली.

"दादा, काठी द्या."

सनई न थांबवता योंगफाने एका हाताने काठी पुढे केली. त्याला मनातून आनंदच झाला. द्यावा एक ठेवून, कुणीतरी द्यायलाच हवा होता.

"हाण त्याला!" गर्दी पेटली. पोलीस पुढे सरकले. साहेब चार पावलं मागे हटले.

लीश्याने साहेबांकडे पाहिलंही नाही. ती वळली आणि तिने काठी पेटीवर मारली. लोकांनी टाळ्या पिटल्या. "बडवा संसदेला!" दुसरा फटका बसला. तिसऱ्याच्या आधी ती थांबली, वाकली आणि झाकणाला तोंड लावून काहीतरी बोलली. शेजारी उभ्या योंगफालाच ते ऐकू आलं.

"आता मला कोण पोचवणार गं?"

तिसरा फटका अगदी हलका होता. तिने काठी योंगफाच्या हातात परत दिली आणि एकदाही मागे न बघता ती गर्दीतून घराच्या वाटेला लागली.

आपल्यावरचं संकट टळलं म्हणून साहेब पुन्हा पुढे आले. कॅमेऱ्यांकडे बघून हसले आणि पेटीवर कोपर टेकून उभे राहिले. लोक अजून घोषणा देत होते.

सनई थांबली होती.

"साहेब," योंगफा म्हणाला, "हात काढा पेटीवरचा."